चार बाजार

हिरालाल नंदागवळीचं पत्र येऊन आठ वर्षं झाली होती आणि यादोराव बिसेनांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायचं नाही, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यात ठरवून झालेल्या गोष्टी तशा थोड्याच. मायना जमला की लिहू, जरा निवांत झालो की लिहू, असं म्हणता म्हणता ते नोकरीतून निवृत्त झाले, परत कामावर बोलावले गेले, मधे मोतीबिंदूही काढून झाला. पत्र तसंच राहिलं.

ते वहीच्या फाडलेल्या पानावर होतं. अक्षर हिरालालच्या मुलीचं, अल्काचं. तेव्हा ती दहावीत असावी. मजकूर चार ओळींचा: 'आमचा माल काऊन बंद केला? मालात खोट असल तर सांगा. सुधरवतो. नसल तर तेही सांगा.'

माल म्हणजे दगड. गोंदियाच्या गिरण्यांत तांदूळ पांढरा करायची जी यंत्रं असतात, त्यांच्या पोटात लोखंडाचा एक मोठा पोकळ शंकू फिरतो. त्या शंकूवर कुरुंदाच्या कठीण दगडाच्या भरडीचा खरखरीत थर बसवलेला असतो, आणि त्याच्यावर घासून तांदळाचा कोंडा निघतो. यादोराव ज्या कारखान्यात स्टोअरकीपर होते तिथे ही यंत्रं बनत, आणि त्यांचे दगड, म्हणजे थर बसवलेले हे शंकू, आमगावला हिरालाल साच्यात ओतत असे. एकोणीस वर्षं त्याचा प्रत्येक दगड यादोरावांनी हात फिरवून आत घेतला होता.

मग मालक इंद्रकुमार शेठ कुठल्याशा परदेशी प्रदर्शनाला जाऊन आले. परत आले ते युरोपातल्या एका कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊनच. यंत्रावर त्या कंपनीचा स्टिकर लागला की गिऱ्हाईक वेगळ्या नजरेनं बघतं, हे त्यांना तिथे उमगलं. हिरालालचा माल बंद झाला. त्याचं पत्र आलं तेव्हा शेठजी म्हणाले, "लिख दो, माल में खराबी थी।"

खोटं लिहायचं यादोरावांच्या जिवावर आलं. खरं लिहायचं तर 'तुमच्या मालात खोट काही नाही, फक्त तो आमगावचा आहे' असं लिहावं लागलं असतं, आणि तेवढी त्यांची छाती नव्हती. म्हणून मधला मार्ग काढून त्यांनी काहीच लिहिलं नाही. या मधल्या मार्गाला ते बरीच वर्षं प्रामाणिकपणा समजत होते.

शिवाय मायन्याची अडचण होतीच. 'सप्रेम नमस्कार' लिहावं तर परकेपणा वाटायचा. 'जयभीम' लिहावं तर हा माणूस गोड बोलून काही लपवून राहिला, असं हिरालालला वाटेल अशी भीती. एका शब्दावर अडून राहायला माणूस वाचणारा असावा लागतो, आणि यादोराव फार वाचत.

मग लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले.

लाल समुद्राचा आणि गोंदियाचा संबंध काय, हे तोवर कारखान्यात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली आणि दगडांचा कंटेनर 'रस्त्यात आहे' या एकाच ठिकाणी महिनोन्‌महिने राहिला. यादोरावांनी घरून नकाशांचं पुस्तक आणलं, स्टोअरच्या टेबलावर उघडलं आणि वास्को द गामा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं आपले दगड येत आहेत, असं भीत भीत शेठजींना सांगितलं.

"उसको बोलो जल्दी करे," शेठजी म्हणाले.

यंत्रं दगडावाचून उभी राहिली. लोखंडी सांगाडे रंगवून झाले, मोटारी बसल्या, परदेशी कंपनीचे स्टिकरही लागले. फक्त पोट रिकामं. तेवढ्यात तेलंगणाच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलं की पुढच्या हंगामाची ऑर्डर द्यायला आम्ही तयार आहोत, पण आधी आमची माणसं येऊन बघतील, तुमचा पुरवठा जगात काहीही झालं तरी अडणार नाही ना. जगात काय काय होऊ शकतं हे शेठजींना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी पुण्याहून नूतन मॅडमना बोलावलं.

नूतन मॅडम कारखान्यांना संकटात टिकून राहायला शिकवत. पस्तिशीच्या, हुशार, भराभर चालणाऱ्या. त्यांनी शेडमध्ये पडदा लावून सगळ्या कामगारांना 'रेझिलियन्स' या विषयावर दोन तास सांगितलं. नंतर समोसे होते, म्हणून कुणी उठलं नाही. शेवटी काही शंका आहे का, असं विचारल्यावर चैतराम वेल्डर उभा राहिला.

"मॅडम, हा रजिलन्स कोनत्या मशिनले लागते?"

"तो पार्ट नाहीये काका. ती एक क्षमता आहे."

"म्हनजे मोटारीची?"

"नाही. आपल्या सगळ्यांची."

"मंग तं आधीच सांगाचं," चैतराम खाली बसत म्हणाला. "मी म्हनलो, आता स्टोअरमंधी बाबूजी हुडकत बसतीन."

बाबूजींनी, म्हणजे यादोरावांनी, खरंच हुडकलं होतं, पण शब्दकोशात. घरी जाऊन पाहिलं तर अर्थ सापडले तीन: लवचीकता, चिवटपणा आणि पूर्वस्थितीवर येण्याची शक्ती. पहिले दोन त्यांना पटले. तिसऱ्याशी मात्र ते घुटमळले. पूर्वस्थिती म्हणजे नेमकी कधीची, याचा कोशात खुलासा नव्हता.

मॅडमचे नियम दोन होते. महत्त्वाची वस्तू एकाच ठिकाणाहून घेऊ नये, निदान तीन ठिकाणं असावीत. आणि महत्त्वाचं ज्ञान एकाच डोक्यात राहू देऊ नये. दुसरा नियम सांगताना त्यांनी यादोरावांकडे पाहिलं, कारण स्टोअरमध्ये काय कुठे आहे हे कॉम्प्युटरला सगळं सांगून झाल्यावरही कळत नव्हतं, आणि त्यासाठीच अडुसष्टाव्या वर्षी त्यांना परत बोलावलं होतं. यादोराव अपराध्यासारखे समोशाकडे बघत राहिले.

पहिला नियम शेठजींना फार आवडला. महिन्याभरात दगडांचे तीन पुरवठादार सापडले. एक नागपूरचा, एक राजनांदगावचा, एक बालाघाटचा. तीन गावं, तीन राज्यं. ऑफिसच्या भिंतीवर मोठा नकाशा लागला आणि त्यावर तीन रंगांच्या दोऱ्या तीन दिशांनी गोंदियाकडे ताणून बसवल्या. दगड यायला लागले, यंत्रांत बसले, फिरले. "इम्पोर्टेड से अच्छा है," शेठजी म्हणाले आणि परदेशी स्टिकर आहेत तसेच राहू दिले.

पाहणीच्या आधीच्या आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना पडद्यावर तिन्ही पुरवठादारांची माहिती दाखवली. यादोराव मागच्या खुर्चीवर बसले होते. बालाघाटच्या व्यापाऱ्याच्या नावापुढे चार तारे होते.

"हा आपला सगळ्यात भक्कम सोर्स," मॅडम म्हणाल्या. "याचा व्यवसाय एका बाजारपेठेवर अवलंबून नाही. त्यांनी फॉर्ममध्ये स्वतःच लिहिलंय, चार बाजार."

मूळ फॉर्मही पडद्यावर आला. चाळीस रकाने, सगळे इंग्रजीत. व्यापाऱ्यानं जिथे जमेल तिथे भरले होते आणि एका रकान्यात हिंदीत दोनच शब्द लिहिले होते: चार बाज़ार.

यादोरावांनी चहा खाली ठेवला. चार बाजार ही जागा नव्हती. ती मुदत होती. आणि या जगात दगडाची मुदत बाजारानं मोजणारा माणूस त्यांना एकच माहीत होता.

हिरालाल दगड ओतला की ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवायचा आणि आमगावचा आठवडी बाजार भरला की शंकूच्या पोकळीत गेरूची एक रेघ ओढायचा. चार रेघा झाल्याशिवाय दगड हलवायचा नाही. तिसऱ्या बाजाराला तो वरून पक्का दिसतो, पण आतून कच्चा असतो आणि यंत्रात तडकतो. तारीख काऊन नाही लिहीत, असं एकदा यादोरावांनी विचारलं होतं. "तारीख चुकते ना जी," हिरालाल म्हणाला होता. "बाजार कुठी चुकते?"

ते उठून स्टोअरमध्ये गेले. नागपूरहून आलेला एक शंकू आडवा करून आत बॅटरी मारली. चार रेघा. राजनांदगावचा पाहिला. चार रेघा. बालाघाटचा पाहायची गरज नव्हती, तरी पाहिला. रेघा उलट्या तिरक्या होत्या, डाव्या हाताच्या माणसानं ओढल्यासारख्या. हिरालाल डावरा होता.

दुसरा कुणी असता तर तडक ऑफिसात गेला असता. यादोरावांना आधी स्वतःवर संशय आला. गेरू काय कुणाकडेही असतो. डावरी माणसंही तीन राज्यांत पुष्कळ असतील. त्यांनी तीन दिवस रोज सकाळी नवे दगड तपासले, आणि चौथ्या दिवशी मॅडम स्टोअरमध्ये आल्या तेव्हा म्हणाले, "एक शंका आहे. बहुतेक माझीच चूक असेल."

मॅडमनी मोबाईलचा उजेड पोकळीत टाकला. "हे काय आहे?"

"चार बाजार," यादोराव म्हणाले आणि समजावून सांगितलं.

मॅडम एका खोक्यावर बसल्या. "म्हणजे नागपूरचा माल..."

"आमगावचा."

"आणि राजनांदगावचा?"

"आमगाव."

"बालाघाट तरी?"

त्यांना इतकं वाईट वाटलेलं पाहून यादोरावांना खोटं बोलावंसं वाटलं. "तोही आमगावच, मॅडम."

"आणि हे आमगाव कुठे आलं?"

"रेल्वेनं अर्धा तास. नागपूरचा माल बहुतेक इथूनच पुढे जात असेल आणि मग परत येत असेल. पण ते नक्की सांगता येणार नाही."

शेठजींनी ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या दोऱ्यांकडे बघितलं. "मतलब चार्ट गलत है?"

"चार्ट करेक्ट आहे सर," मॅडम म्हणाल्या. "रिॲलिटी थोडी कन्सॉलिडेटेड आहे."

हे शेठजींना बरं वाटलं. "पाहणीवाले अंदर बत्ती मारेंगे?"

"शक्यता कमी आहे."

"फिर भी पोंछ दो। बाबूजी, गीले कपड़े से पोंछ दो।"

बाबूजींनी पुसलं. हे नाही लिहिलं तर गोष्ट अर्धी राहील. दोन दिवस ते ओलं फडकं घेऊन एकेका शंकूत हात घालून हिरालालचे बाजार पुसत होते. हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. चैतरामनं जाता जाता विचारलं, "काय बाबूजी, होळी खेलून राहिले का?" आणि यादोरावांनी फडकं पिळून पुढच्या शंकूत हात घातला.

पाहणी उत्तम झाली. तेलंगणाची माणसं दोऱ्यांचा फोटो काढून घेऊन गेली, ऑर्डर आली. आता शेठजींना दुसऱ्या नियमाची आठवण झाली. सगळा धंदा आमगावच्या एका डावऱ्या माणसाच्या डोक्यात आहे, ही गोष्ट त्यांना झोपू देईना. "उसको पकड़ते हैं," ते म्हणाले आणि तिघंही गाडीनं आमगावला गेले. हिरालालचं घर यादोरावांनाच माहीत होतं.

गावाच्या कडेला, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पाळीला लागून त्याचं घर होतं. मागे टिनाचं छप्पर, त्याखाली ओल्या पोत्यांखाली झाकलेले दगड ओळीनं बसलेले. हिरालालचे केस पिकले होते, बाकी तो तसाच होता. त्याची बायको रुक्माबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि यादोरावांना पाहून थांबली.

"बाबूजी होय का? आठ सालानं रस्ता भेटला वाट्टे."

"क्या हिरालाल, पहचाना?" शेठजींनी मोठ्यानं विचारलं.

"पहचाना ना शेठजी. मी तं कवाच नाई भुललो."

शेठजी हसले, कारण त्यांना तो मान वाटला. मॅडमनी वही काढली. "काका, सध्या तुमचा माल कोणाकोणाला जातो?"

"तीन गिऱ्हाईक हायेत जी," हिरालाल बोटं पुढे करून सांगू लागला. "नागपूरवाला हाय, राजनांदगावचा हाय, एक बालाघाटचा. तुमचा माल बंद झाला तवा लय हाल झाले. मंग पोरगी म्हने, बाबा, एकाच्या भरोशावर राहाचं नाई. आता एक सुटला तं दोन हायेत, दोन सुटले तं एक हाय. आता मले भेव नाई."

मॅडम वहीत काहीतरी लिहीत असल्यासारख्या खाली बघत राहिल्या, पण पेनाचं टोपण उघडलेलं नव्हतं. यादोरावांना वाटलं, आता कुणीतरी या माणसाला सांगेल. शेठजींनी घसा खाकरला तेव्हा तर खात्रीच वाटली.

"बहुत अच्छा," शेठजी म्हणाले. "लेकिन व्यापारी लोगों का क्या भरोसा. तू डायरेक्ट हमको दे. सिर्फ हमको. पक्का अ‍ॅग्रीमेंट करेंगे."

"आन मॅडम काय लिहून राहिल्या?"

"प्रोसेस," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही भरड किती घेता, पूड किती, खारं पाणी किती, हे आपण सगळं नीट लिहून ठेवू. देव न करो, उद्या तुम्हाला काही झालं तर ही कला जायला नको."

"मले काय होते," रुक्माबाईकडे बघत हिरालाल हसला. "पन कागद अल्काले दाखवा लागल. तिची ड्युटी राहते पंचायतीत, कॉम्प्युटरवर. बाजाराच्या दिवशी सुट्टी घेते ते."

"तो अगले बाजार को आता हूँ," शेठजी उठत म्हणाले. "पढ़ लेना और दस्तखत कर देना."

गाडीपर्यंत हिरालाल सोबत आला. शेठजी आत बसले, मॅडम बसल्या. यादोराव दार उघडत होते तेव्हा हिरालाल हळूच म्हणाला, "बाबूजी, एक चिठ्ठी धाडली होती तुमाले. लय दिवस झाले. भेटली नाई का?"

यादोरावांनी तोंड उघडलं. आठ वर्षांत त्यांनी या प्रश्नाची निदान दहा उत्तरं तयार केली होती.

"अरे डाक का क्या भरोसा," आतून शेठजी म्हणाले. "गुम हो गई होगी. क्यों बाबूजी?"

आणि यादोरावांची मान हलली. लोकांच्या बोलण्याला हलायची तिला इतकी सवय होती की त्यांना विचारायलाही ती थांबली नाही.

"मंग ठीक हाय," हिरालाल म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच मोकळा झाला. "मी तेच म्हनून राहिलो होतो अल्काले. बाबूजी असे नाई."

करार यादोरावांनाच टाइप करावा लागला, कारण कारखान्यात शुद्ध मराठी त्यांनाच येत होतं. सहाव्या कलमात होतं की हिरालालनं दगड दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही. सातव्यात, मिश्रणाची सगळी कृती कंपनीला लिहून द्यायची आणि ती कंपनीची होईल. आठव्यात, एका हंगामानंतर कंपनीला वाटलं तर ती हे दगड स्वतःच्या शेडमध्ये ओतू शकेल आणि करार संपवू शकेल. तिन्ही कलमांत यादोरावांनी अनुस्वार तपासले. मग मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"एक विचारू का? चुकत असेन तर सोडून द्या."

"विचारा ना काका."

"ज्ञान एका डोक्यात राहिलं तर कंपनीला धोका. ते बरोबरच आहे. पण त्याच्या डोक्यातलं निघून इकडे आलं, तर त्याला?"

मॅडम वाईट बाई नव्हत्या. "काका, तो मुद्दा आहे," त्या म्हणाल्या. "पण आपलं काम कंपनीच्या रेझिलियन्सचं आहे. त्यांचा रेझिलियन्स आपल्या स्कोपमध्ये येत नाही."

"त्यांच्या स्कोपसाठी कोण येतं?"

"त्यांनी कुणाला तरी नेमायला हवं," मॅडम म्हणाल्या. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्या उठून पाणी प्यायला गेल्या.

बाजाराला चार दिवस होते. यादोरावांनी त्या दिवशी अर्धी सुट्टी काढली आणि दुपारी घरी आले. त्यांची बायको शामकला ओसरीत तांदूळ निवडत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, गेरू पुसला तेही, मान हलली तेही.

"मंग फोन लावा त्याले," शामकला म्हणाली. "कायले तोंड पाडून बसता?"

नंबर होता. त्यांनी लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "हॅलो, कोण बोलून राहिले?" 'राँग नंबर,' असं म्हणून यादोरावांनी फोन ठेवला.

शामकलानं सूप खाली ठेवलं. "लावला तुमी, आन राँग नंबर बी तुमीच?"

"मला बोलता येत नाही ना."

"बोलता येत नाई, लिहिता येत नाई, तं इतके पुस्तकं कायले वाचले? तो मानूस बाजाराच्या दिवशी अंगठा देईन बसल्या बसल्या, आन तुमी इथं मायना हुडकत राहान."

"तो सही करतो," यादोराव म्हणाले. "अंगठा नाही."

"मंग तं अजून लवकर होते."

तिनं सूप उचललं आणि आत गेली. भांडणात जिंकल्यावर ती नेहमी आत जायची. यादोरावांनी टेबलावरची पुस्तकं बाजूला केली आणि कोरा कागद घेतला. काय होऊ शकतं याचा त्यांनी विचार केला. हे पत्र हिरालालनं शेठजींना दाखवलं तर स्टोअर गेलं. शेठजी चिडून हिरालालला सोडून देतील, मग त्याची तिन्ही गिऱ्हाइकं एकाच दिवशी जातील. पत्र उशिरा पोचलं तर सही झालेली असेल. पत्र पोचलं आणि त्यानं विश्वासच ठेवला नाही, तर? आणि आपण हे हिरालालसाठी लिहितो आहोत की आठ वर्षांची बोच जावी म्हणून स्वतःसाठी? ही शेवटची शंका त्यांना सगळ्यात खरी वाटली. पूर्वी अशा शंकेवर पत्र थांबायचं. आज मात्र चारच दिवस होते, आणि शंकेचं उत्तर शोधण्यात ते घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी लिहायला घेतलं आणि खाडाखोड केली नाही.

'हिरालालभाऊ, जयभीम.

तुमचं पत्र मला तेव्हाच मिळालं होतं. परवा मी मान हलवली ती खोटी होती. मी तसाच आहे, हे आधी सांगतो.

तुम्ही विचारलं होतं, माल काऊन बंद केला. मालात खोट नव्हती. एकोणीस वर्षांत एकही दगड मी परत पाठवला नाही, तुम्हाला माहीत आहे. परदेशाचं नाव लावलं की यंत्र चांगलं विकतं, म्हणून बंद केला. हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

आता दुसरी गोष्ट. तुमचे नागपूर, राजनांदगाव आणि बालाघाटचे तिन्ही व्यापारी माल आम्हालाच आणून देतात. आतल्या रेघा मी डोळ्यांनी पाहिल्या आणि सांगितलं म्हणून हातानं पुसल्या. म्हणजे तुमची गिऱ्हाइकं तीन नाहीत, एकच आहे. हे वाचून तुम्हाला धक्का बसेल. पण तीच गोष्ट आमच्या बाजूनं बघा. आमच्याकडे भिंतीवर तीन दोऱ्या आहेत आणि तिन्हींच्या टोकाला तुम्ही एकटे आहात. ऑर्डर घेतलेली आहे, जहाजाचा पत्ता नाही, आणि धान निघायच्या आत दुसरा कोणी हा दगड देऊ शकत नाही. शेठजींना हे माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही, तोवरच त्यांचं बरं आहे.

करारातलं सहावं, सातवं आणि आठवं कलम अल्काला मोठ्यानं वाचायला सांगा. कृती एकदा लिहून दिली की पुढच्या हंगामात तुमची गरज उरणार नाही. हा करार मीच टाइप केला आहे. त्यात शुद्धलेखनाची चूक सापडणार नाही.

सही करावी की करू नये हे मी सांगत नाही. मला सल्ला देता येत नाही, आणि माझा सल्ला ऐकावा असं मी तुमच्याशी वागलोही नाही. फक्त जे त्यांना माहीत आहे ते तुम्हालाही माहीत असावं, म्हणून लिहिलं. हे पत्र शेठजींना दाखवायचं असेल तर दाखवा.

उत्तराला उशीर झाला.

यादोराव बिसेन'

वाचून पाहिलं तर पत्र बदलावंसं वाटेल, म्हणून त्यांनी ते न वाचताच पाकिटात घातलं आणि चपला घालून पोस्टात गेले. खिडकीपुढे रांग होती. पुढे एक बाई राखीचं पाकीट परत आलं म्हणून भांडत होती. राखी होऊन महिना झाला होता. ती सांगत होती, "भैया पूछ रहा है, भूल गई क्या." यादोरावांनी पाकीट घट्ट धरलं.

त्यांची पाळी आली. खिडकीतल्या बाबूनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"आमगाव? काका, इथून गाडीनं गेले असते तं आतापर्यंत पोचले असते."

"स्पीड पोस्ट करा," यादोराव म्हणाले. "केव्हा मिळेल?"

"परवा. लय झालं तं तेरवा."

बाजार तेरवाच्या दुसऱ्या दिवशी होता.

"आन पाठवनाऱ्याचं नाव नाई लिहिलं," बाबू म्हणाला. "मोबाईल नंबर बी टाका. बिना नावाचं घेत नाई आमी."

पाकिटाचा तो कोपरा यादोरावांनी कोरा ठेवला होता. विसरून ठेवला की मुद्दाम, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बाबूनं दोरीला बांधलेलं पेन पुढे सरकवलं. त्यांनी नाव लिहिलं, घरचा पत्ता लिहिला, थोडं थांबून खाली 'स्टोअरकीपर' असंही लिहिलं आणि नंबर टाकला. मागचा माणूस खांद्यावरून वाचत होता. त्यांनी हातानं झाकलं नाही.

बाबूनं वजन केलं, यंत्रातून निघालेली पट्टी पाकिटावर चिकटवली, पावती फाडून त्यांच्या हातात दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.